नागपूरच्या उन्हात टिकणारी रंगीत अंड्यांची टोपली: कोंबड्यांच्या जाती कशा निवडाल

जानेवारीतली सकाळ होती. खुराड्यातून आणलेली नऊ अंडी मी ओट्यावर ओळीने मांडली होती. खडूसारखं पांढरं एक, सायीच्या रंगाची तीन आणि त्यातल्या एकावर गुलाबी झाक, फिकट बदामी दोन, आणि भाजल्या मडक्याच्या रंगाची तीन. विरजण मागायला आलेल्या शेजारच्या काकू दारातच थांबल्या. "रंगवलीस का गं ही?" त्यांनी विचारलं. त्यांच्या हातावर मी एक बदामी अंडं ठेवलं, अजून कोमट होतं. त्यानंतर त्यांच्या सांदवाडीतही चार कोंबड्या आल्या. जाती निवडताना त्यांनी मला जे जे विचारलं, त्याची उत्तरं इथे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. नागपुरात जात निवडताना पहिला प्रश्न रंगाचा नसतो, मे महिन्याचा असतो. ४५ अंशांच्या दुपारी जी कोंबडी उभी राहते तीच जूनमध्ये अंडी देते. पहिल्या वर्षी मी हे उलट केलं. मोठी, गुबगुबीत, सुंदर पिसांची पाखरं फेब्रुवारीत आणली आणि नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांतल्या, एका दुपारी त्यातली दोन गमावली. पाणी भरलेलं होतं, सावलीही होती. ती पाखरं मुळात या हवेची नव्हती.

रंग येतो कुठून

हे समजलं की निवड निम्मी सोपी होते, म्हणून इथे थोडं थांबते.

एक अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात. त्यातले जवळजवळ २० तास ते कवच चढण्यात घालवतं. कवच मुळात कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे पांढरंच. तपकिरी रंग प्रोटोपॉर्फिरिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो. तो अगदी शेवटच्या काही तासांत, बहुतेक वरच्या थरात चढतो, भिंत बांधून झाल्यावर गेरूचा हात मारावा तसा. निळा रंग बिलिव्हर्डिन या द्रव्याचा. तो कवच घडत असतानाच आत मिसळत जातो, म्हणून निळं कवच आतूनही निळं असतं. हिरवं अंडं म्हणजे निळ्या कवचावर तपकिरी हात.

घरी पाहायचं असेल तर तपकिरी अंडं फोडून कवचाच्या आतला पातळ पापुद्रा सोला. आतली बाजू पांढरी दिसेल. माझ्या भाच्याने हे पाहिलं तेव्हा त्याने टोपलीतलं प्रत्येक अंडं फोडायचा हट्ट धरला होता. पुढे कोणी तुम्हाला "निळ्या अंड्याची" जात विकायला आलं, तर हीच कसोटी उपयोगी पडेल.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, रंग कोंबडीच्या वंशातून येतो, खाण्यातून नाही. बीट किंवा हळद खाऊ घालून कवच रंगत नाही. खाण्याने बदलतो तो बलकाचा रंग. दुसरी, तपकिरी रंग वरवरचा असल्यामुळे तो कमीजास्त होतो. उन्हाने, भीतीने, आजाराने, वयाने तो फिका पडतो. कोंबडी म्हातारी होते तसं अंडं मोठं होतं आणि तेवढाच रंग जास्त जागेवर पसरतो. तिसरी, पांढऱ्या आणि तपकिरी अंड्याच्या पोषणात कवचाच्या रंगामुळे काही फरक पडत नाही. तपकिरी म्हणजे गावरान आणि गावरान म्हणजे ताकदीचं, असं समजून लोक जास्त पैसे मोजतात. आपण रंग डोळ्यांच्या आनंदासाठी ठेवतो आहोत, हे स्वतःशी स्पष्ट असू द्या.

कानाच्या पाळीवरूनही अंदाज बांधतात. पांढरी पाळी असली तर बहुधा पांढरं अंडं, लाल पाळी असली तर तपकिरी. पण याला अपवाद आहेत आणि कडकनाथला तर हा नियम लावताच येत नाही, कारण तिची पाळीच काळसर.

पायरी पहिली: आपल्याकडे मिळणाऱ्या रंगांची यादी करा

बाहेरच्या देशातले फोटो पाहून सुरुवात करू नका. नागपुरात, आसपासच्या हॅचरीत किंवा आठवडी बाजारात काय मिळतं ते आधी पाहा. रंगाच्या क्रमाने सांगते.

पांढऱ्यासाठी व्हाईट लेगहॉर्न. मूळची इटलीची, लिव्होर्नो बंदरावरून नाव पडलेली. दीड किलोच्या आसपासची हलकी अंगलट आणि मोठा लाल तुरा. हा तुरा नुसता शोभेचा नाही, त्यातून अंगातली उष्णता बाहेर पडते. म्हणून लेगहॉर्न आपला उन्हाळा बऱ्यापैकी काढते. नीट खाद्य असेल तर वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते. तिचा दोष म्हणजे ती भित्री. कुकरची शिट्टी झाली तरी उडते आणि पाच फुटांचं कुंपण सहज ओलांडते. एका बाजूच्या पंखाची मोठी पिसं कापून ठेवावी लागतात.

सायीच्या आणि फिकट गुलाबी रंगासाठी कडकनाथ. मूळ मध्य प्रदेशातल्या झाबुआची. २०१८ मध्ये तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. कातडी काळी, चोच काळी, मांस काळं, पण अंडं काळं नाही. हे ठासून सांगते, कारण "कडकनाथचं काळं अंडं" म्हणून फोटो फिरत असतात. तिचं अंडं लहान आणि मलईच्या रंगाचं, कधी त्यावर गुलाबी धूसर लेप असतो. तो ओल्या बोटाने पुसला जातो, म्हणून मी तिची अंडी कोरड्या हातानेच उचलते. वर्षाला ८० ते १०० अंडी. उन्हाला चिवट. संध्याकाळी खुराड्यात येण्याऐवजी झाडावर चढून बसायची तिला आवड, म्हणून पहिले पंधरा दिवस कोंडून खुराड्याची सवय लावावी लागते.

आपली गावरान कोंबडीही याच फिकट पट्ट्यातली, पण प्रत्येकीचं अंडं वेगळं. एक जवळजवळ पांढरं देते, दुसरी चहात जास्त दूध पडावं तसं. वर्षाला साठ-सत्तर अंडी, तीही बारा-पंधराच्या खेपांत, आणि मग ती खुडूक होते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते. पण ज्याला टोपली वर्षानुवर्षं चालवायची आहे त्याने गावरान ठेवलीच पाहिजे. लेगहॉर्न अंड्यांवर बसत नाही, कडकनाथचा भरवसा नाही. दुसरीची अंडी आपल्या पोटाखाली घेऊन २१ दिवस बसणारी हीच. असील हीसुद्धा उत्तम आई आणि उन्हाला घट्ट, पण ती भांडखोर. एका असील मादीने माझ्याकडच्या लेगहॉर्नचा तुरा रक्तबंबाळ केला होता. मिश्र कळपात असील नकोच.

फिकट बदामीसाठी वनराजा. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी विकसित केलेली, रंगीबेरंगी पिसांची. वर्षाला शंभर-एकशेदहा अंडी. बेंगळुरूची गिरिराजा हीसुद्धा याच वळणाची. या दोन्ही जाती अंगाने जड आहेत. वनराजा मादीला भरपूर मका टाकला तर ती चरबीने फुगते, अंडी थांबवते आणि मे महिन्यात सगळ्यात आधी तिलाच धाप लागते. ठेवा, पण मोजून खाऊ घाला आणि उन्हाळ्यात तिच्याकडे लक्ष असू द्या.

खऱ्या तपकिरीसाठी ऱ्होड आयलंड रेड, जिला सगळे आरआयआर म्हणतात, किंवा हैदराबादचीच ग्रामप्रिया. आरआयआर शांत स्वभावाची, माणसाळणारी, गडद विटकरी पिसांची. लहान मुलं असलेल्या घरात मी पहिली पसंती तिलाच देईन. ग्रामप्रिया वनराजापेक्षा हलकी आणि अंड्यांना सरस, परसात वर्षाला १६० ते १८० पर्यंत जाते. ब्लॅक ऑस्ट्रालॉर्पही तपकिरी अंडी देते, पण काळी पिसं आणि जड अंग घेऊन नागपूरच्या उन्हात तिला ठेवायला माझं मन होत नाही.

बाजारात कधीतरी उघड्या मानेची कोंबडी दिसते. अनेकांना ती कुरूप वाटते. मला विचाराल तर ती दिसली की घ्या. मानेवर पिसं नाहीत म्हणजे उष्णता निघायला जागा आहे. उन्हाळ्यात माझ्याकडे सगळ्यात कमी खाडे तिचेच असतात, आणि तिचं अंडं सुंदर फिकट तपकिरी आहे.

निळ्या-हिरव्याचं काय

सगळ्यांना हेच हवं असतं, आणि फसवणूकही इथेच होते.

निळ्या अंड्याची मूळ जात चिलीमधली अरौकाना. तिच्यापासून अमेरिकेत अमेरौकाना आणि ब्रिटनमध्ये क्रीम लेगबार झाली. चीनमध्येही निळी अंडी देणाऱ्या जुन्या जाती आहेत. एका प्राचीन विषाणूचा तुकडा कोंबडीच्या जनुकात अडकला आणि त्यामुळे कवचात निळं द्रव्य उतरू लागलं, हे २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवलं. हे जनुक प्रभावी आहे. आई किंवा बाप, कोणा एकाकडून आलं तरी मुलगी निळं किंवा हिरवं अंडं देते.

आपल्या सरकारी उबवणी केंद्रांत या जाती मिळत नाहीत. शौकीन पाळणाऱ्यांकडे संकरित पाखरं असतात आणि ती महाग विकली जातात. तीन वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून "हमखास निळी" म्हणून सहा पिलं घेतली. त्याने तुरा दाखवला, आखूड, तीन ओळींचा, वाटाण्याच्या दाण्यांसारखा. अरौकानाचा तुरा असाच असतो आणि निळ्या रंगाचं जनुक त्या तुऱ्याच्या जनुकाला अगदी लागून बसलेलं असतं, हे मी वाचलं होतं. म्हणून विश्वास ठेवला. साडेपाच महिने वाढवल्यावर चारही माद्यांनी सायीच्या रंगाची अंडी दिली. मग लक्षात आलं की आपल्या असीलचा तुराही तसाच असतो. ती पिलं असीलच्या संकराची होती.

म्हणून पिलांचा तुरा पाहू नका, त्यांच्या आईचं अंडं पाहा. तुमच्या समोर फोडायला सांगा. आतून निळं असेल तरच बोलणं पुढे न्या. तरीही लक्षात ठेवा, आई निळी पण अर्ध्या जनुकाची, म्हणजे निळं जनुक एकाच पालकाकडून मिळालेली, असेल आणि बाप साधा असेल, तर निम्म्याच मुलींत रंग उतरेल. बापाच्या अंगावर अंड्याचा रंग दिसत नाही. त्याच्या बहिणींची किंवा आईची अंडी पाहिल्याशिवाय त्याच्याबद्दल काही सांगता येत नाही.

ज्यांना हिरवट अंडं पाहिजेच, त्यांच्यासाठी दुसरी वाट म्हणजे देशी बदक. काही देशी बदकं फिकट निळसर-हिरवी अंडी देतात, सगळी नाही. खाकी कॅम्पबेलची अंडी बहुधा पांढरी असतात, त्यामुळे विचारून घ्या. बदक सगळीकडे चिखल करतं आणि त्याची ओल कोंबड्यांना बाधते, म्हणून त्याची जागा वेगळी लागेल.

चॉकलेटी अंडी देणारी फ्रान्सची मारान्स आपल्या शौकिनांत नावाजलेली आहे. जड अंग, काहींच्या पायांवरही पिसं. नागपुरात मी ती ठेवणार नाही.

पायरी दुसरी: रंगाचं प्रमाण जुळवा

ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. मी प्रत्येक जातीच्या दोन-दोन कोंबड्या आणल्या आणि टोपली रंगीत होण्याऐवजी पांढरी-तपकिरीच दिसायला लागली. कारण सोपं आहे. लेगहॉर्न आठवड्याला पाच-सहा अंडी देते, कडकनाथ दोन-तीन. टोपलीत फिका रंग दिसायला हवा असेल तर कमी अंडी देणाऱ्या जातीच्या कोंबड्या जास्त ठेवाव्या लागतात.

बारा कोंबड्यांचा माझा हिशोब असा: लेगहॉर्न दोन, आरआयआर किंवा ग्रामप्रिया दोन, वनराजा दोन, कडकनाथ चार, गावरान दोन. हिवाळ्यात चांगल्या आठवड्याला यातून दहा पांढरी, नऊ तपकिरी, पाच बदामी आणि तेरा-चौदा मलईच्या छटांची अंडी मिळतात. घरात एवढी खपत नाहीत, पण शेजारी वाट पाहत असतात. सहाच ठेवायच्या असतील तर वनराजा आणि गावरान गाळा: एक लेगहॉर्न, दोन आरआयआर, तीन कडकनाथ. एकटी लेगहॉर्न बुजते, म्हणून ती बाकीच्यांच्या वयाचीच घ्या आणि त्यांच्यासोबतच वाढवा.

कोंबडा अंड्यांसाठी लागत नाही. पिलं काढायची असतील तरच आठ-दहा माद्यांमागे एक ठेवा, आणि त्याआधी भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात विचारून घ्या. पहाटे चारला तो आरवणारच.

पायरी तिसरी: कधी आणि कुठून घ्यायच्या

माझं ठाम मत: पहिल्यांदा पाळणाऱ्याने एक दिवसाची पिलं घेऊ नयेत, तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घ्याव्यात. अडीच-तीन महिन्यांच्या तलंगेत नर-मादी ओळखता येतात. दिवसाच्या पिलांत निम्मे कोंबडे निघतात आणि मग त्यांचं काय करायचं हा प्रश्न पडतो. शिवाय ब्रूडिंगची, म्हणजे लहान पिलांना बल्बखाली द्यावी लागणारी ऊब, लसी, पावसाळ्यातली रक्ती हगवण, हे सगळं तुमच्या आधी कोणीतरी निभावलेलं असतं.

वेळ म्हणजे पोळा ते दसरा. पाऊस ओसरत असतो, ऑक्टोबरची हीट असली तरी मे नसतो, आणि तलंगा नोव्हेंबर-डिसेंबरात अंड्यावर येतात. लेगहॉर्न साडेचार-पाच महिन्यांत, आरआयआर पाच-साडेपाचला, कडकनाथ आणि वनराजा सहाच्या आसपास, गावरान त्याहून उशिरा. पूर्ण हिवाळा हातात मिळतो आणि उन्हाळा येईपर्यंत पाखरू जागेला रुळलेलं असतं. मार्चमध्ये कोणी कितीही स्वस्त देत असलं तरी मोठी कोंबडी आणू नका.

शहरात पशुसंवर्धन विभागाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयही इथेच आहे, आणि ते ज्याच्या अखत्यारीत येतं त्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही. जातीची खात्री हवी असेल तर आधी अशा ठिकाणी चौकशी करा. आठवडी बाजारातून घेत असाल तर सकाळी लवकर जा आणि पाखरू हातात धरा. डोळे कोरडे आणि चमकदार, नाकातून घरघर नाही, शेपटीखाली विष्ठा चिकटलेली नाही, छातीचं हाड सुरीसारखं टोचत नाही, पायांवर खवले उचललेले नाहीत. पंखाखालची पिसं उलटून उवा पाहा. लसी कोणत्या झाल्या ते तारखेसह विचारा. मानमोडी, म्हणजे राणीखेतची लस झाली नसेल तर मी ते पाखरू घेत नाही.

नवीन पाखरं तीन आठवडे जुन्यांपासून वेगळी ठेवा, त्यांची भांडीही वेगळी. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरातल्या गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूने दगावले. हा आजार आपल्यापासून किती जवळ आहे, हे तेव्हा सगळ्या नागपूरला कळलं. एकाएकी दोन-तीन पाखरं मेली तर उघड्या हाताने उचलू नका, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

पायरी चौथी: खुराडं उन्हाळ्यासाठी बांधा

रात्रीच्या निवाऱ्यात एका कोंबडीला दोन चौरस फूट आणि मोकळ्या आवारात आठ-दहा चौरस फूट पुरतात. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन लांब बाजूने आत घुसत नाही. लांब बाजूंना अर्ध्या इंचाची घट्ट जाळी लावा. मुंगसाला आणि सापाला मोठ्या भोकांची जाळी म्हणजे उघडं दार. जाळी जमिनीत फूटभर पुरा.

छत टिनाचं असेल तर त्यावर चुना मारा आणि वर तुराट्यांचा जाड थर बांधा. माझ्या खुराड्यात एवढ्याने दुपारी हात लावून कळण्याइतका फरक पडला. एप्रिलपासून जाळीवर गोणपाट सोडायचं आणि दुपारी दोन-तीनदा भिजवायचं. आपली हवा कोरडी, म्हणून ओलं गोणपाट किंवा कूलर एप्रिल-मेमध्ये छान काम करतो. पण जूनमध्ये पाऊस पडून हवा चिकट झाली की हीच ओल उलटते. तेव्हा पाणी मारणं बंद करून नुसता पंखा लावा.

मातीच्या पसरट भांड्यांत पाणी ठेवा आणि दुपारी बारा आणि तीनला बदला. खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या, दुपारी नाही. खाल्लेलं पचवतानाही अंगात उष्णता तयार होते. कोंबडी चोच उघडी टाकून, पंख सैल सोडून उभी असेल तर ती त्रासात आहे. सावलीत नेऊन तिचे पाय पाण्यात बुडवा, चोचीजवळ पाणी धरा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका.

उन्हाळ्यात कवच पातळ आणि फिकं होतं, त्याचं कारण या धापेतच आहे. धापा टाकताना कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि कवच बांधायला लागणारा कार्बोनेट रक्तात कमी पडतो. शिवाय खाणं कमी झाल्यामुळे कॅल्शियमही कमी. म्हणून मेमधलं फिकट अंडं पाहून जात खोटी निघाली असं समजू नका. सप्टेंबरमध्ये रंग परत येतो.

जमिनीवर धानाचं तूस किंवा कुटार तीन-चार इंच पसरा. पावसाळ्यात ते ओलं राहिलं तर हगवण ठरलेली, म्हणून दर दोन दिवसांनी उलटवा. चार-पाच कोंबड्यांमागे एक फूट लांबी-रुंदीचा अंधारा खोका, त्यात कोरडं गवत, जमिनीपासून फूटभर उंच. खोका स्वच्छ असेल तर अंडं स्वच्छ येतं आणि धुवावं लागत नाही. धुतल्याने वरचा नैसर्गिक लेप जातो, अंडं लवकर खराब होतं, आणि कडकनाथची गुलाबी झाकही जाते.

पायरी पाचवी: खाद्य

एका अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं. त्यातलं निम्म्याहून जास्त तयार लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीचं भरडलेलं खाद्य, असू द्या. बाकी तांदळाची कणी, ज्वारी, फुटका मका, शेवग्याचा पाला, पालक-मेथीचे देठ, लसूणघास. हिरव्या पाल्याने बलक केशरी होतो. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवा, ज्या कोंबडीला लागेल ती उचलते. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड कधीही देऊ नका. तुमच्या पोत्यात पावसाळ्यात कुबट वास आला तर ते पोतं फेका.

डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांच्याही आत येतो. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. पहाटे दोन-तीन तास एक छोटा पिवळा बल्ब लावला तर लेगहॉर्न आणि आरआयआर थांबत नाहीत. गावरानला मी बल्बाच्या उजेडात ठेवत नाही, तिला विश्रांती घेऊ देते.

कोणाचं अंडं कोणतं

पहिले काही महिने एक वही ठेवा. कोंबडीच्या पायात रंगीत कडी घाला, खोक्यातून उठताना जी दिसेल तिच्यासमोर तारीख आणि रंग लिहा. पंधरा दिवसांत प्रत्येकीचं अंडं ओळखू यायला लागतं. माझ्या एका आरआयआरच्या अंड्यांवर रुंद टोकाशी गडद ठिपके असतात, मावशीच्या हातावरच्या गोंदणासारखे. ती अंडी मी पिलांसाठी राखते. अशा ठिपक्यांच्या आणि गडद रंगाच्या कोंबडीची अंडी सात दिवसांच्या आतली, फार मोठी नाहीत, तडा नाही अशी निवडून गावरानच्या पोटाखाली आठ-दहा ठेवायची. त्या काळात कळपात कोंबडा कोणता आहे तेही वहीत लिहायचं. लेगहॉर्न कोंबडा असेल तर मुलींची अंडी फिकी होतील, आरआयआर असेल तर तपकिरी टिकेल.

टोपलीतल्या प्रत्येक अंड्यावर मी शिसपेन्सिलीने तारीख घालते आणि टोकाची बाजू खाली ठेवते. हिवाळ्यात टोपली स्वयंपाकघरात, होळी झाली की फ्रिजमध्ये. जुन्या तारखेचं आधी फोडायचं, मग ते कितीही सुंदर रंगाचं असो. गुलाबी झाकेचं एक अंडं शोभेसाठी मी महिनाभर बाहेर ठेवलं होतं, आणि एप्रिलमध्ये ते फुटलं तेव्हा सगळं घर दोन दिवस दारं-खिडक्या उघडी टाकून बसलं होतं.